दुकानासाठी बनवलेला प्रोग्रॅम इतरांना द्यावा का?

वाचकाचं पत्र:

मी खाद्यपदार्थांचं छोटं दुकान चालवते. पाकीटबंद माल, वजनावर विकायचा सुटा माल आणि मागच्या खोलीत रोज तयार होणारे थोडे पदार्थ, असं आमचं काम. तारीख उलटलेला माल फेकताना जीव तुटायचा, म्हणून धाकट्या भावाच्या मदतीने मी एक प्रोग्रॅम तयार केला. आधी ती नुसती स्प्रेडशीट होती. आता तो रोज संध्याकाळी कोणत्या मालाची तारीख जवळ आली ते दाखवतो, कशाची किंमत उतरवायची ते सुचवतो आणि उद्याच्या ऑर्डरचा कच्चा मसुदा काढतो. फेकावा लागणारा माल बराच कमी झाला. ओळखीच्या तीन दुकानदारांनी हा प्रोग्रॅम मागितला आहे. भाऊ म्हणतो, याला बिलिंग, हिशेब, ॲलर्जीची माहिती असं सगळं जोडू, दुकान दुसऱ्याच्या हाती देऊ आणि पूर्णवेळ हेच करू. आमचा एक पुरवठादार भांडवल घालायलाही तयार आहे. मला मोह होतो आणि भीतीही वाटते. काय करू?

उत्तर:

ताई,

प्रोग्रॅम द्या. पण तिघांना एकदम नको, आधी एकालाच. बिलिंगच्या वाटेला जाऊ नका. आणि दुकान तर अजिबात सोडू नका. कारणं जरा सविस्तर सांगते, कारण तुमची भीती मला तुमच्या मोहाइतकीच रास्त वाटते.

दुकानदाराने स्वतःच्या गरजेपोटी यंत्र बनवावं आणि ते पुढे इतरांनी वापरावं, ही जुनी वाट आहे. लंडनच्या जे. लायन्स अँड कंपनीची चहाची दुकानं होती, मोठी बेकरी होती. कारकुनी कामाचा पसारा आवरेना म्हणून या कंपनीने चक्क स्वतःचा संगणक बांधला. त्याचं नाव लिओ. १९५१ साली बेकरीच्या मालाचा हिशेब त्याच्यावर नेमाने होऊ लागला, आणि धंद्याचं रोजचं काम करणारा जगातला पहिला संगणक म्हणून तो ओळखला जातो. १९५४ मध्ये लायन्सने इतरांना संगणक विकण्यासाठी वेगळी कंपनीही काढली. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांची दुकानांच्या ऑर्डरची रीत. प्रत्येक दुकानाची ठरलेली ऑर्डर आधीच नोंदलेली असायची. दुकान सांभाळणाऱ्या बाईंनी फोनवर फक्त फरक कळवायचा: आज हे जास्त, ते कमी. बाकी काही सांगायचं नाही, काही लिहायचं नाही. दिवसभर उभं राहून दमलेल्या माणसाकडून यंत्राने कमीत कमी काय मागावं, हे दुकानाच्या आतून पाहिल्याशिवाय सुचत नाही. तुमची ताकदही तीच आहे. प्रोग्रॅम लिहिणारे पुष्कळ मिळतील. गर्दीच्या वेळी काउंटरवर बटण दाबायलाही हात मोकळा नसतो, हे अंगावर घेतलेले थोडे.

पण तुमच्या दुकानात जो फरक पडला, त्यातला किती प्रोग्रॅममुळे आणि किती तुमच्या नजरेमुळे, हे अजून कुणालाच माहीत नाही. तुम्हालाही नाही. ते कळायला दुसरं दुकान लागतं, जिथे तुम्ही उभ्या नाही.

तारखेचंच बघा. पाकिटावरच्या रेघांच्या बारकोडमध्ये तारीख नसते. त्यातले १३ आकडे वस्तू कोणती एवढंच सांगतात. आज आलेल्या आणि महिन्यापूर्वी आलेल्या पाकिटाचा क्रमांक एकच. म्हणजे कुणीतरी हाताने टाकली तरच प्रोग्रॅमला तारीख कळते. तुमच्याकडे ती कोण टाकतं? पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण बहुधा तुम्हीच, नाहीतर भाऊ. आता दुसऱ्या दुकानात काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. गाडी दारात उभी, ड्रायव्हरला पुढे जायची घाई, खोकी उतरवून घेणारा मुलगा कामावर नवा, काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळलेलं. एकाच खोक्यात कधी दोन वेगळ्या तारखांची पाकिटं निघतात. तो वरच्या पाकिटावरची तारीख टाकेल आणि खोकं आत सरकवेल. चार दिवसांत पडद्यावरचा साठा एक आणि फळीवरचा दुसरा. प्रोग्रॅम दोनदा चुकला की दुकानदार तिसऱ्यांदा तो उघडत नाही.

विक्रीच्या वेळी कोणत्या तारखेचं पाकीट गेलं, हेही हा बारकोड सांगत नाही. ज्याची तारीख आधी संपते ते आधी गेलं, असं प्रोग्रॅम धरून चालतो. गिऱ्हाईक मात्र हात लांब करून मागचं ताजं पाकीट काढतं. म्हणून तारखेनुसारचा साठा हा कायम अंदाजच असतो आणि पडद्यावरही तो अंदाज म्हणूनच दिसला पाहिजे. ‘७ पाकिटं शिल्लक’ असं छातीठोकपणे लिहिण्याऐवजी ‘या तारखेची ७ असावीत, फळी बघा’ असं लिहा, आणि खरा आकडा टाकायला शेजारीच एक चौकट द्या. संध्याकाळी फळ्यांवरून एक फेरी मारायची, हा तुमच्या प्रोग्रॅमचा अर्धा भाग आहे. तो कोडमध्ये कुठेच लिहिलेला नाही. तुम्ही ती फेरी सवयीने मारता, म्हणून ती तुमच्या लक्षातही येत नसेल. दुसऱ्याला प्रोग्रॅम देताना ही फेरीसुद्धा शिकवावी लागेल.

यात पुढे एक सोय होणार आहे. बारकोडचे क्रमांक सांभाळणाऱ्या जीएस१ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२७ अखेरपर्यंत जगभरच्या काउंटरवर रेघांच्या बारकोडबरोबर क्यूआरसारखे चौकोनी कोडही वाचले जावेत, असं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्या कोडमध्ये वस्तूच्या क्रमांकासोबत बॅच आणि तारीखही ठेवता येते. सगळा माल तसा यायला वेळ लागेल. पण भावाला सांगा, प्रोग्रॅमच्या पोटात वस्तू आणि तिची बॅच या दोन वेगळ्या नोंदी आत्तापासूनच ठेव. एका वस्तूच्या कितीही बॅच, प्रत्येकीची तारीख वेगळी. स्प्रेडशीटमधून आलेल्या प्रोग्रॅममध्ये सहसा एका वस्तूसमोर एकच तारखेचा रकाना असतो. तुमच्यात तसा असेल, तर दुसऱ्या दुकानात जाण्याआधी तो मोडून नीट बांधा. नंतर मोडणं फार महाग पडतं.

सुट्या मालाचंही असंच. वजनकाट्यातून निघणाऱ्या लेबलवरचा बारकोड प्रत्येक दुकान आपापल्या रीतीने ठरवतं. १३ अंकी बारकोडमध्ये २० ते २९ ने सुरू होणारे क्रमांक अशा दुकानांतर्गत वापरासाठी राखीव असतात. पुढच्या आकड्यांत कुणी वजन ठेवतं, कुणी किंमत. तुमच्या काट्याची मांडणी कोडमध्ये पक्की बसवलेली असेल, तर शेजारच्या दुकानात प्रोग्रॅम किमतीला वजन समजेल आणि कुठे काही चुकलं असं दाखवणारही नाही. ही मांडणी सेटिंगमध्ये काढा आणि पहिल्याच दिवशी, दुकानदाराच्या समोर, खऱ्या लेबलावर तपासा. रक्कम आणि वजन नेहमी पूर्णांकात साठवा: रक्कम चलनाच्या सगळ्यात लहान नाण्यात, वजन ग्रॅममध्ये. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत ०.१ आणि ०.२ यांची दशांशातली बेरीज नेमकी ०.३ येत नाही, अगदी किंचित जास्त येते. एका ओळीत ते कळत नाही, महिन्याच्या बेरजेत कळतं.

ॲलर्जीच्या माहितीबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. तारीख चुकली तर माल वाया जातो. ही माहिती चुकली तर माणूस जाऊ शकतो. तुम्ही मागच्या खोलीत पदार्थ बनवता, म्हणून ही माहिती तुमच्या प्रोग्रॅममध्ये असावी असं भावाला वाटणं साहजिक आहे. पण ‘शेंगदाणे: हो / नाही’ अशी चौकट करून चालणार नाही. तिथे तिसरं उत्तर लागतं: ‘माहीत नाही’. नवीन पदार्थ नोंदवला की सगळ्या चौकटी आपोआप ‘माहीत नाही’वरच असल्या पाहिजेत, आणि एकही चौकट तशी असेल तोवर लेबल छापलंच जाता कामा नये. रिकामी चौकट म्हणजे ‘नाही’, असं प्रोग्रॅमने एकदा धरलं, की एखाद्या दमलेल्या माणसाने सोडून दिलेली ओळ गिऱ्हाइकाच्या हातात खात्री म्हणून जाते.

यादीसुद्धा सगळीकडे सारखी नाही. युरोपीय संघाच्या नियमांत १४ ॲलर्जीकारक घटक ठळक सांगावे लागतात. अमेरिकेत ९ आहेत. त्यातला नववा, तीळ, १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. म्हणजे यादी देशागणिक बदलते आणि त्याच देशात काळानुसारही बदलते. आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती फक्त स्वयंपाकघरात वावरणाऱ्यालाच ठाऊक असते. पुरवठादार एखाद्या तयार सॉसची किंवा पिठाची कृती गुपचूप बदलतो, पाकीट तेच राहतं, आणि मागे बारीक अक्षरांत एक घटक वाढतो. म्हणून तुमच्या नोंदीला ‘हे कधी तपासलं आणि कोणी’ अशी तारीख हवी, आणि ती जुनी झाली की प्रोग्रॅमने पुन्हा विचारायला हवं. एवढं सगळं करायची तयारी आणि आपल्या देशातले नियम नीट वाचायला वेळ नसेल, तर हा भाग पहिल्या वर्षी काढून ठेवा. स्वतःच्या दुकानात तुम्ही गिऱ्हाइकाला तोंडी विचारून खात्री करता. दुसऱ्याच्या दुकानात ती खात्री तुमच्या कोडने द्यायची असते.

आता बिलिंग. भावाचा मुद्दा मला समजतो: बिलिंग जोडलं की विक्री आपोआप कळेल, दोनदा नोंद नको. पण बिलिंग जो करतो तो दुकानाच्या गल्ल्याला जबाबदार होतो. त्यात कर येतात, परतावे येतात, प्रिंटर अडकणं येतं, कार्डाचे व्यवहार येतात, आणि अनेक देशांत व्यापारासाठीच्या वजनकाट्याची सरकारी पडताळणीही येते. मोठ्या कंपन्यांची माणसं दिवसभर त्यात गुंतलेली असतात. तुम्ही बिलिंगकडून रोजच्या विक्रीची फाइल घ्या. जवळजवळ सगळी बिलिंग सॉफ्टवेअरं ती देतात, आणि तुमच्या कामाला तेवढी पुरते.

गल्ल्याचा हिशेब सांगणारं सॉफ्टवेअर चुकलं तर काय होतं, याचं उदाहरण ब्रिटनमध्ये घडलं. तिथल्या पोस्ट ऑफिसच्या होरायझन या प्रणालीने छोटी पोस्ट ऑफिसं चालवणाऱ्यांच्या हिशेबात नसलेली तूट दाखवली. त्यातले पुष्कळजण पोस्टासोबत स्वतःचं छोटं दुकानही चालवायचे. यंत्र बरोबरच असणार, असं धरून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांवर गुन्हे शाबीत झाले. काही तुरुंगात गेले, कित्येकांची घरं बसली. २०२४ मध्ये कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. तुमचा प्रोग्रॅम लहान आहे, पण त्यातही ‘१० पाकिटं कमी’ असं येईल आणि मालक संध्याकाळच्या पाळीच्या मुलाकडे बघेल. तेव्हा खरं काय ते शोधता आलं पाहिजे. म्हणून नोंद कधी पुसू नका. चूक झाली तर उलटी नोंद करा, कोणी आणि केव्हा केली ते सोबत ठेवा, आणि तुम्ही किंवा भावाने बाहेरून काही दुरुस्त केलं तर तेही त्याच यादीत दुकानदाराला दिसू द्या. जिथे आकडा अंदाजाचा आहे, तिथे तो कुणाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होऊ शकत नाही, हे पडद्यावर स्पष्ट लिहा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दुकानात काम करणाऱ्या माणसाची अब्रू तुमच्या कोडमध्ये गुंतलेली असते.

तिघांपैकी पहिला कोण निवडायचा? जो सगळ्यात जवळचा मित्र आहे तो नको. तो तुमच्या चुका सांभाळून घेईल. ज्याचं दुकान तुमच्यापेक्षा वेगळं आहे आणि जो तोंडावर बोलतो, तो निवडा. पहिले काही दिवस तिथे जा, पण काहीच करू नका, नुसतं बघा. कामगार कुठे अडखळतो, कोणती ओळ सोडून पुढे जातो, कशासाठी कागदाचा तुकडा वापरतो. तो कागदाचा तुकडा जपून घरी आणा. पुढे काय बनवायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. मग जाणं बंद करा. तुम्ही न जाता आणि फोन न करता तो प्रोग्रॅम रोज उघडला जातो का, एवढंच पाहायचं. उघडला जात असेल तर दुसऱ्याला द्या. नसेल, तर तिसरा कितीही आग्रह करो, थांबा.

पैसे पहिल्यापासून घ्या, चाचणीचा काळ संपला की लगेच. फुकट दिलेल्या वस्तूबद्दल लोक तक्रार करत नाहीत, नुसती वापरायची थांबतात, आणि तुम्हाला कारण कळतच नाही. किंमत ठरवताना प्रोग्रॅम लिहायला लागलेला वेळ मोजू नका, फोन घ्यायला लागणारा वेळ मोजा. तुमच्या दुकानात गर्दी असते त्याच वेळी त्यांच्याकडेही गर्दी असते, म्हणजे त्यांचा फोन नेमका तुमचा हात भरलेला असतानाच येणार. फोन कोण घेणार आणि कोणत्या वेळात, हे पैसे घेण्याआधी लिहून द्या. आणि गर्दीच्या वेळी प्रोग्रॅम बंद पडला तरी त्यांची विक्री थांबता कामा नये. तुम्ही बिलिंगपासून लांब राहिलात तर हे आपोआप जमतं.

एका गोष्टीचा तुम्ही पत्रात उल्लेख केलेला नाही. हे तिघे तुमचे ओळखीचे असले तरी धंद्यात प्रतिस्पर्धी आहेत. त्यांचा कोणता माल खपतो, कशावर ते सूट देतात, कोण किती दराने पुरवतो, हे सगळं तुमच्या प्रोग्रॅममध्ये असणार. आज ते भिडेपोटी विचारणार नाहीत, पण एखाद्या दिवशी तुम्ही योगायोगानेच त्यांच्यासारखी सूट लावलीत, की शंका येईलच. म्हणून त्यांची माहिती त्यांच्याच दुकानातल्या संगणकावर राहू द्या. एसक्यूलाइटसारखा एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस यासाठी उत्तम आहे. तो फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतो, आणि दुकानदाराला आपली फाइल कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं. तिची रोजची प्रत दुसऱ्या जागी जायला हवी. प्रत काढताना चालू फाइल नुसती कॉपी करू नका. मध्येच नोंद होत असेल तर प्रत बिघडते. डेटाबेसची स्वतःची बॅकअपची सोय वापरा, आणि त्या प्रतीवरून सगळं परत उभं राहतं का, हे दुकानदारासमोर एकदा करून दाखवा. उद्या त्यांना तुमचा प्रोग्रॅम नको झाला, तर सगळी माहिती साध्या स्प्रेडशीटमध्ये काढून नेता येईल, असं बटण पहिल्या दिवसापासून ठेवा. आणि हे सगळं भावाच्या एकट्याच्या डोक्यात नको. कोड, पासवर्ड, नवी आवृत्ती कशी बसवायची याचे टिपण, हे तुमच्याही हाती असू द्या.

दुकान सोडू नका असं मी का म्हणते, ते आता वेगळं सांगायला नको. तुमचं दुकान सुटलं, की कृती गुपचूप बदललेल्या पिठाची बातमी तुम्हाला कळणं बंद होईल, आणि वर्षभरात तुमचा प्रोग्रॅमही इतरांसारखाच होईल. भावाला हवं तर आठवड्यातले काही दिवस पूर्ण मोकळे करून द्या. त्याचा उत्साह खरा आहे आणि त्याला जागा हवी आहे. दुकानाच्या हिशेबातून त्या दिवसांचा पगार निघतो का, ते तुम्ही दोघं कागदावर मांडा.

राहिला पुरवठादार. त्यांचं भांडवल घेऊ नका. माणूस चांगला असेल, मला त्यात शंका नाही. पण तुमचा प्रोग्रॅम दुकानदाराला उद्या किती माल मागवायचा ते सुचवतो, आणि माल विकणाऱ्याचाच त्यात हिस्सा असेल, तर त्या सुचवलेल्या आकड्यावर कोणता दुकानदार विश्वास ठेवेल? तुम्ही कितीही सचोटीने वागलात तरी हा प्रश्न सुटत नाही. त्यांना मनापासून मदत करायची असेल, तर दुसरी एक गोष्ट मागा, जी पैशाहून मोठी आहे. त्यांच्या गोदामातून माल निघताना कोणत्या बॅचचा आणि कोणत्या तारखेचा माल किती गेला, हे त्यांच्याकडे बहुधा नोंदलेलं असतं. प्रत्येक गाडीसोबत ती यादी फाइल म्हणून पाठवायला सांगा. मग खोकी उतरवणाऱ्या त्या मुलाला तारखा टाकाव्या लागणार नाहीत. यादी आणि खोकी जुळतात का, एवढंच बघावं लागेल.